जुनी मारुती ८०० गरम होते, सेल्फ घेत नाही: पार्ट बदलण्याआधी काय बघायचं

पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंडाळा मागे पडलं की खंबाटकीची चढण लागते. ट्रकच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत वर जायचं आणि मग वेळे गावाकडे उतरायचं. एवढ्या अंतरात जुन्या गाडीत जे काही दुखणं दबून बसलेलं असतं ते सगळं वर येतं. माझं गॅरेज घाट उतरल्यावर आहे. एप्रिल-मे आला की वाफा सोडणाऱ्या गाड्या दारात येतात, आणि मालक उतरल्या उतरल्या विचारतो, "रेडिएटर बदलायचा का?" दुसरा विचारतो, "बॅटरी गेली का?"

मी दोघांनाही आधी एकच विचारतो: कधी होतं? ट्रॅफिकमध्ये की चढाला? चालू केल्यावर पाच मिनिटांत की तासाभराने? सकाळी गार असताना सेल्फ घेत नाही, की पेट्रोल भरायला दहा मिनिटं थांबल्यावर? याचं नीट उत्तर मिळालं की निम्मा दोष तिथेच सापडतो. ते न विचारता पार्ट बदलत गेलं तर पाच-सात हजार सहज जातात आणि गाडी पुन्हा त्याच वळणावर उभी राहते. म्हणून हे लिहितोय. घरच्या घरी, पंधराशे रुपयांच्या आतल्या सामानात बघता येईल असं बरंच आहे.

मी मारुती ८०० धरून लिहितोय, कारण अजूनही माझ्याकडे सगळ्यात जास्त तीच येते. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली गाडी रस्त्यावर आली, जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलं. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, वरचं हेड ॲल्युमिनियमचं. २०००च्या सुमारास कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल फवारणारं इंजेक्शन, आलं. गरम होण्याबद्दलचं सगळं दोन्हींना लागू आहे. पेट्रोल आणि चोकबद्दलचं मात्र कार्ब्युरेटरवाल्यांसाठी. ओम्नीचं इंजिन तेच, त्यामुळे ओम्नीवाल्यांनीही वाचावं, फक्त इंजिन सीटखाली असल्याने हात घालायला जागा कमी.

दोन्ही तक्रारी एकदम आल्या तर आधी बेल्ट

गाडी हल्ली गरमही होते आणि सकाळी सेल्फही मंद मारते, असं कुणी सांगितलं की मी सरळ बेल्टकडे जातो. सवयीने त्याला पंख्याचा बेल्ट म्हणतात, पण या गाडीत तो पंखा फिरवत नाही. या इंजिनात वॉटर पंप आणि अल्टरनेटर एकाच व्ही-बेल्टवर फिरतात. बेल्ट सैल झाला की पंप पाणी कमी फिरवतो आणि अल्टरनेटर बॅटरी पुरती चार्ज करत नाही. दोन आजार दिसतात, कारण एकच.

इंजिन बंद असताना दोन पुलींच्या मधोमध बेल्टवर अंगठ्याने जोर देऊन दाबा. साधारण ६ ते ९ मिलिमीटर दबला पाहिजे. बोटभर आत गेला तर सैल. अजिबात दबत नसेल तर तेही वाईट, पंपाचं बेअरिंग खाल्लं जातं. मग बेल्ट उलटा करून आतली बाजू बघा. बारीक चिरा दिसल्या, किंवा बाजू काचेसारख्या चकचकीत झाल्या असतील तर ताणून उपयोग नाही, नवा घाला. चकचकीत बेल्ट घसरतो. थंडीत पहिल्यांदा चालू केल्यावर, किंवा हेडलाइट आणि ब्लोअर एकदम लावल्यावर जो चिरका आवाज येतो तो त्याचाच. जुना बेल्ट फेकू नका, अजून धड असेल तर डिकीत टाका.

तिथेच वाकलात तर वॉटर पंपाच्या खालच्या अंगाला असलेलं बारीक भोकही बघून घ्या. त्यातून थेंब येत असेल किंवा वाळलेला हिरवा-पांढरा ओघळ असेल तर पंपाचं सील गेलं. पुली हाताने हलवून पाहा, डगडगली तर बेअरिंग. हे दोन्ही नसेल तर पंपाला हात लावू नका, तो बहुतेक वेळा निर्दोष असतो.

काटा कधी चढतो?

ट्रॅफिकमध्ये चढतो आणि हायवेला लागल्यावर उतरतो: पंखा. हायवेला किंवा लांब चढाला चढतो आणि गावात ठीक असतो: रेडिएटर चोक (आतून तुंबलेला), पाणी कमी, किंवा इग्निशनचं टायमिंग मागे, म्हणजे प्लगची ठिणगी उशिरा पडते. चालू केल्यावर चार-पाच मिनिटांत चढतो: थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) अडकला, पाण्यात हवा धरली, किंवा हेड गॅस्केट (हेड आणि खालच्या इंजिनमधलं सील) गेलं. या तीन ओळी मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी पाठ करायला लावतो.

पण त्याआधी काटा खरं बोलतोय का ते बघा. काटा लाल रेघेला टेकलाय, पण बॉनेट उघडलं तर वास नाही, वाफ नाही, वरचा होज पाइप नेहमीइतकाच गरम, असं असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर तपासा. लेझरचा ठिपका दाखवणारं थर्मामीटर आता हजाराच्या आत मिळतं. वरचा होज जिथे इंजिनला जोडलाय त्या भागावर ते रोखा. ८५ ते ९५ अंशांच्या दरम्यान आकडा आला तर इंजिन व्यवस्थित आहे.

पंख्याची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात.

मारुती ८०० चा पंखा विजेवर चालतो. पाणी ठरावीक गरम झालं की थर्मोस्विच तो चालू करतो. गाडी उभी करून इंजिन चालू ठेवा आणि काटा मधोमध आल्यावर ऐका. पंखा लागला पाहिजे, थोड्या वेळाने थांबला पाहिजे, पुन्हा लागला पाहिजे. लागलाच नाही तर थर्मोस्विचचा सॉकेट काढा. दोन वायर असतील तर वायरच्या तुकड्याने त्या जोडा, एकच असेल तर ती इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा. चावी ऑन असताना पंखा फिरला तर स्विच गेला, तो स्वस्त असतो. नाही फिरला तर फ्यूज, मग रिले, मग पंख्याची मोटर थेट बॅटरीवर लावून. याच क्रमाने. हात पंख्याच्या पात्यांपासून लांब ठेवूनच हे सगळं करा, आणि बाह्या वर सरकवा.

फिरला म्हणजे झालं असं मात्र समजू नका. वाईच्या एका शिक्षकांची गाडी माझ्याकडे आली तेव्हा तिच्यात नवा रेडिएटर, नवा पंप, नवा थर्मोस्टॅट सगळं घालून झालेलं होतं. सपाटीला काटा जागेवर. घाटात ट्रकमागे लागलं की वर. पंखा जोरात फिरत होता. मी वर्तमानपत्राचं एक पान घेऊन पुढच्या जाळीसमोर धरलं. पान जाळीला चिकटायला हवं होतं, ते उडून माझ्याच अंगावर आलं. आधीच्या कुणीतरी मोटर बदलताना दोन वायर उलट्या जोडल्या होत्या. पंखा उलटा फिरून इंजिनची गरम हवा पुढे ढकलत होता, आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यालाही अडवत होता. वायर अदलाबदल केल्या, पान जाळीला जाऊन बसलं, काटा खाली आला. सरांनी तोवर खर्च केलेले पैसे ऐकून मला फार वाईट वाटलं. पंख्याचं कुठलंही काम झालं की कागदाची ही परीक्षा करूनच गाडी ताब्यात घ्या.

आमच्या भागात आणखी एक कारण असतं, ते शहरातल्या पुस्तकात सापडणार नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात. पाचट उडतं, धूळ उडते आणि रेडिएटरच्या जाळीत जाऊन बसते. एसीची गाडी असेल तर एसीचा कंडेन्सर पुढे आणि रेडिएटर मागे, आणि कचरा नेमका दोघांच्या मध्ये अडकतो. पुढून बघितलं तर सगळं स्वच्छ दिसतं. बॅटरीवर चालणारा टॉर्च मागून लावा आणि पुढून बघा. उजेड आरपार दिसत नसेल तर धुवायचं. पाणी मागून पुढे सोडा, म्हणजे कचरा ज्या वाटेने आला त्याच वाटेने बाहेर पडेल. सर्व्हिस सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने पातळ पंख वाकतात, साधा बागेचा पाइप पुरतो.

आतून चोक झालेला रेडिएटर हाताला कळतो. गाडी चांगली गरम करून इंजिन बंद करा, पंख्याची वायर काढून ठेवा आणि रेडिएटरच्या जाळीवरून तळहात फिरवा. कुठे गरम, कुठे गार असे पट्टे लागले तर त्या नळ्यांतून पाणी जात नाही. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर असेल तर रेडिएटरवाल्याकडून टाकी उघडून रॉडिंग, म्हणजे सळईने नळ्या साफ, करून घ्या. जुनं पितळ टिकाऊ असतं, उगाच भंगारात देऊ नका. प्लास्टिकच्या टाक्यांचा ॲल्युमिनियमचा असेल तर तो उघडून पुन्हा बसवण्यात अर्थ नाही, बदलाच.

झाकण, पाणी आणि थर्मोस्टॅट

रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरची शिट्टी. आत दाब धरून ठेवते म्हणून पाणी शंभराला उकळत नाही. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा दाबाचा आकडा छापलेला असतो. ०.९ म्हणजे आतलं साधं पाणीसुद्धा साधारण ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचा रबर कडक झाला की हा दाब राहत नाही. आणि आपल्याकडे वर चढावं तसं उकळणं लवकर होतं. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे, तिथे उघडं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. म्हणजे झाकण गेलेली गाडी वाईत ठीक चालते आणि पसरणी घाट चढून पाचगणीला पोचताना पाणी फेकते. लोक इंजिनला दोष देतात. शंभर-दीडशेचं झाकण आधी बदलून बघा, आकडा मात्र तोच घ्या.

झाकणात आणखी एक छोटा व्हॉल्व्ह असतो, मधोमध. इंजिन गार होताना त्यातून रेडिएटरच्या बाजूच्या बाटलीतलं पाणी परत आत ओढलं जातं. तो अडकला तर दोन खुणा दिसतात: सकाळी वरचा होज पाइप चपटा झालेला असतो, आणि बाजूची बाटली भरलेली असूनही रेडिएटर रिकामा असतो. म्हणूनच पाणी तपासायचं ते सकाळी, गार इंजिनवर, रेडिएटरचं झाकण उघडून. नुसती बाटली बघून निघू नका.

आत काय घालायचं? कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात. आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून कूलंट कशाला, असं कुणी म्हणतं तेव्हा मी त्यांना जुन्या गाडीतून काढलेला थर्मोस्टॅटच्या घराचा तुकडा दाखवतो. ॲल्युमिनियम उंदराने कुरतडल्यासारखं खाल्लेलं असतं. कूलंट गंज आणि ही झीज थांबवतो, ते त्याचं खरं काम. माण-खटावकडच्या बोअरच्या पाण्याने तर नळ्यांत पांढरा थर बसतो. रस्त्यात अडचण आली तर मिळेल ते पाणी घाला, पण घरी आल्यावर आठवड्याच्या आत काढून टाका.

थर्मोस्टॅटबद्दल माझं मत ठाम आहे: तो काढून टाकू नका. "आपल्या हवेत त्याची गरजच नाही" हे वाक्य निम्म्या गॅरेजमध्ये ऐकायला मिळतं. थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन थंडीत आणि पावसाळ्यात नीट तापतच नाही. मग चोक जास्त वेळ ओढावा लागतो, पेट्रोल जास्त जळतं, सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतलं जातं, प्लग काळे पडतात. आणि काळे प्लग म्हणजे पुन्हा सकाळची स्टार्टिंगची तक्रार.

तपासायला सोपा आहे. गार गाडी चालू करा आणि वरच्या होज पाइपवर हात ठेवून बसा. पाच-सात मिनिटं तो कोमट राहतो आणि मग एकदम गरम होतो. तो एकदम बदल म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. काटा वर गेला तरी पाइप गारच, तर तो उघडत नाहीये किंवा पाण्यात हवा आहे. पहिल्या मिनिटापासून हळूहळू गरम होत गेला तर तो उघडाच अडकलाय, किंवा तुमच्या आधीच्या मेस्त्रीने काढलाय. शंका असेल तर बाहेर काढून पातेल्यात पाणी घालून गॅसवर ठेवा, दोऱ्याने टांगून, तळाला टेकू देऊ नका. त्याच्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. त्या सुमारास तोंड उघडायला लागलं पाहिजे आणि आणखी बारा-पंधरा अंशांनंतर पूर्ण उघडलं पाहिजे. पातेलं परत स्वयंपाकाला वापरू नका.

पाणी बदललं की हवा काढावीच लागते. गाडीचं तोंड चढाकडे करून लावा, झाकण उघडं ठेवून गार इंजिन चालू करा, हळूहळू भरत राहा, वरचा पाइप हाताने दाबत राहा. बुडबुडे येणं थांबलं, थर्मोस्टॅट उघडून पातळी एकदम खाली गेली, पुन्हा भरलं, की झाकण लावा.

घाटात वाफ आलीच तर

काटा चढतोय पण वाफ नाही: एसी बंद, खिडक्या खाली, हीटर असेल तर तो पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात. उकडेल, पण हीटर हा दुसरा छोटा रेडिएटरच आहे. खालच्या गिअरमध्ये चला, म्हणजे पंप जोरात फिरेल. वाफ दिसली किंवा चार्जिंगचा लाल दिवाही लागला तर बेल्ट तुटलेला असू शकतो, तेव्हा लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद.

नंतर अर्धा-पाऊण तास काही करू नका. झाकणाला हात लावू नका. दाबाखालचं पाणी झाकण सैल होताच उसळून तोंडावर येतं, मी भाजलेले हात आणि चेहरे पाहिलेत. आणि तापलेल्या हेडवर किंवा आत गार पाणी ओतू नका, ॲल्युमिनियम वाकतं. वरचा पाइप हाताने सहज दाबता आला की जाड फडकं ठेवून झाकण अर्धं फिरवा, फुस्स होऊ द्या, मग उघडा. इंजिन चालू करून पाणी थोडं थोडं घाला.

सेल्फ मारल्यावर काय ऐकू येतं?

स्टार्टिंगमध्ये आधी एक गोष्ट वेगळी काढा: सेल्फ इंजिन फिरवतोय आणि ते पेट घेत नाहीये, की सेल्फच फिरवत नाहीये? पहिलं पेट्रोल किंवा करंटचं दुखणं, दुसरं बॅटरी, वायर आणि सेल्फचं.

फिरवत नसेल तर हेडलाइट लावा, कुणाला तरी समोर उभं करा आणि चावी फिरवा. दिवे एकदम मंदावले आणि टकटकटक आवाज आला: बॅटरी उतरली किंवा टर्मिनल सैल. दिवे तसेच, एक "टक" आणि पुढे काही नाही: सोलेनॉइडचे (सेल्फवरच्या विजेच्या मोठ्या स्विचचे) कॉन्टॅक्ट किंवा सेल्फचे कार्बन ब्रश. दिवे तसेच आणि आवाजच नाही: चावीचा स्विच किंवा सोलेनॉइडकडे जाणारी बारीक वायर. घर्रकन फिरतो पण इंजिन फिरत नाही: सेल्फचा दाता फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे इंजिनच्या जड चाकात, बसत नाही.

चारशे-पाचशेचा मल्टिमीटर घेऊन ठेवा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. सेल्फ मारत असताना ९.६ च्या खाली गेली तर बॅटरी आतून थकली. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसलं पाहिजे, नाहीतर बॅटरी नवी घालूनही आठवड्यात तेच. टर्मिनलवर पांढरी-हिरवी राख असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, घासून पेट्रोलियम जेली लावा. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी.

बॅटरी चांगली, टर्मिनल स्वच्छ, तरी सेल्फ रडत फिरतो, अशी गाडी आली की अर्थिंग. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, बॉडीपासून तुटलेलं. सेल्फचा सगळा करंट इंजिन आणि बॅटरीच्या निगेटिव्हला जोडणाऱ्या एका जाड पट्टीतून परत जातो. ती पट्टी आतून गंजली की करंट दुसरी वाट शोधतो. लोणंदच्या एका भाजीवाल्याच्या गाडीत सेल्फ मारताना ॲक्सिलरेटरची केबल हाताला चटका बसेल इतकी गरम व्हायची. त्याला वाटलं इंजिनची उष्णता. खरं तर सेल्फचा करंट त्या केबलमधून घरी जात होता, आणि आतलं प्लास्टिक वितळून पॅडल जड व्हायला लागलं होतं. जंप स्टार्टची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं टोक थेट इंजिनच्या धातूला लावलं, सेल्फ पहिल्यासारखा फिरला. नवी पट्टी घातली, काम संपलं. मल्टिमीटर असेल तर एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिनवर ठेवून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थिंग खराब.

फिरतो पण पेटत नाही

सकाळी, गार: चोक पूर्ण ओढा, ॲक्सिलरेटरला पाय लावू नका, सेल्फ मारा. पेटलं की चोक अर्धा आत, मिनिटाभराने पूर्ण आत. नसेल पेटत तर चोकची केबल ओढल्यावर कार्ब्युरेटरच्या तोंडावरचं झडप खरंच बंद होतंय का ते एअर फिल्टर उघडून बघा. बऱ्याचदा केबल सुटलेली असते आणि मालक रिकामा खटका ओढत असतो.

पाच-दहा मिनिटं थांबल्यावर, गरम: इथे दोन उलट आजार आहेत आणि उपाय उलट आहेत. पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर इंजिनच्या उष्णतेने कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळून आत सांडलंय. चोकला हात नको, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, पंप करू नका, पाच-सात सेकंद सेल्फ मारा. वास अजिबात नसेल तर पेट्रोलच पोचत नाहीये. या गाडीच्या फ्लोट चेंबरला, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या छोट्या कप्प्याला, एक छोटी गोल काच असते. पेट्रोलची रेघ तिच्या मध्यावर दिसली पाहिजे. काच रिकामी दिसली तर नळीत वाफ धरली आहे. हेडवर बसलेल्या पेट्रोल पंपावर, ज्याला आम्ही एसी पंप म्हणतो (गार हवेच्या एसीशी त्याचा संबंध नाही), ओलं फडकं ठेवा आणि थांबा. हे वारंवार होत असेल तर पंपाचा डायफ्रॅम आणि टाकीपासूनच्या रबरी नळ्या बदला. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, जुनं रबर ते सोसत नाही. फुगतं, चिरतं आणि हवा ओढतं. गाडी महिना-महिना उभी राहत असेल तर टाकी भरलेली ठेवा, रिकाम्या जागेतला ओलावा इथेनॉल ओढून घेतं.

पेट्रोल बरोबर असेल तर करंट. गरम झाल्यावरच बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप चालू होते, काच भरलेली आहे, तर इग्निशन कॉइल संशयित. डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंट असलेली जुनी गाडी असेल तर तिथला छोटा कन्डेन्सरही (एसीचा नव्हे). प्लग काढून रंग बघा: विटकरी-तपकिरी चांगला, काजळीसारखा काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट म्हणजे पेट्रोल कमी किंवा इंजिन जास्त तापतंय. गॅप ०.७ ते ०.८ मिलिमीटर.

पावसात: डिस्ट्रिब्युटरचं (प्लगना करंट वाटून देणाऱ्या डबीचं) झाकण उघडून कोरड्या फडक्याने पुसा, आत केसाएवढी काळी रेघ दिसते का बघा. ती तड आहे, करंट तिच्यातून गळतो. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडा. प्लगच्या वायरवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या तर तिन्ही वायर एकदम बदला. आणि डिस्ट्रिब्युटरला जाणारी बारीक व्हॅक्यूमची नळी निघालेली किंवा चिरलेली नाही ना, तेही बघा. ती गेली की ॲडव्हान्स मिळत नाही, म्हणजे ठिणगी लवकर पडायला हवी तेव्हा पडत नाही, गाडी चढाला दम टाकते आणि गरम होते. रेडिएटर बदलून हे जाणार नाही.

गॅस्केटची शंका

गार इंजिनवर झाकण काढा, पाणी काठोकाठ भरा, चालू करा. थर्मोस्टॅट उघडायच्या आधीच बुडबुडे एकसारखे येत राहिले आणि ॲक्सिलरेटर दिल्यावर वाढले तर सिलिंडरचा गॅस पाण्यात येतोय. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी ऑइलमध्ये गेलं, तशी गाडी चालवतही नेऊ नका, ओढून न्या. फक्त ऑइलच्या झाकणाखाली थोडा पांढरट फेस असेल तर घाबरू नका. पावसाळ्यात जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत तो ओलाव्याने येतो, एक लांब फेरी मारली की जातो.

हेड उघडावं लागलंच तर मेस्त्रीला नुसतं गॅस्केट बदलू देऊ नका. सरळ पट्टी हेडवर आडवी-तिरपी ठेवून खाली फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्र्या) घालून दाखवायला सांगा. ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त फट असेल तर टर्नरकडे प्लेन करून घ्यायचं, आणि लागेल तेवढंच. बोल्ट टॉर्क पान्यानेच (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने) आवळले पाहिजेत, मधून बाहेरच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत. आणि ज्या कारणाने हेड तापलं ते कारण, पंखा असो वा झाकण, त्याच दिवशी दुरुस्त करून घ्या.